सेंद्रिय इलेक्ट्रो-ऑप्टिक फिल्मची कामगिरी कशी वाढवावी: गोव्याच्या दमट हवेत काम करणाऱ्यांसाठी

गोव्यातला एखादा रसायनशास्त्राचा किंवा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी सेंद्रिय इलेक्ट्रो-ऑप्टिक पदार्थांवर, म्हणजे विद्युतक्षेत्राने ज्यांचा अपवर्तनांक बदलतो अशा कार्बनी पदार्थांवर, प्रकल्प करायचा म्हणून आला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: नवा रेणू कोणता बनवायचा? माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी हाताशी असलेल्या रेणूची ताकद फिल्ममध्ये किती उतरते ते मोजा. चांगल्या रेणूची बरीचशी ताकद बाटलीपासून फिल्मपर्यंतच्या वाटेतच वाया जाते, आणि आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत ती जास्तच जाते. ही गळती थांबवली तर नवं संश्लेषण न करताही आकडा वर चढतो.

स्पिन कोटर (काच वेगाने फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणारं यंत्र), व्हॅक्यूम ओव्हन, काही शे व्होल्टचा स्थिर पुरवठा, सूक्ष्म करंट मोजणारं मीटर आणि गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढणारा लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर एवढी सामग्री आहे असं धरून पुढचं लिहितो आहे.

कोणता आकडा वाढवायचा

विद्युतक्षेत्र लावलं की पदार्थाचा अपवर्तनांक त्या क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो, हा पॉकेल्स परिणाम. हा बदल अपवर्तनांकाचा घन, आर-३३ हा पदार्थाचा इलेक्ट्रो-ऑप्टिक गुणांक आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. घन लक्षात ठेवा, कारण तुलना करताना नेमका तोच विसरला जातो. लिथियम नायोबेट या नेहमीच्या अजैव स्फटिकाचा आर-३३ साधारण ३१ पिकोमीटर प्रति व्होल्ट आणि अपवर्तनांक २.१४, म्हणजे अपवर्तनांकाचा घन आणि आर-३३ यांचा गुणाकार ३०० च्या आसपास. सेंद्रिय फिल्मचा अपवर्तनांक १.७ धरला तर तेवढीच बरोबरी करायला ६२ पिकोमीटर प्रति व्होल्ट लागतात. ‘आमचा आर-३३ चाळीस आला, नायोबेटला मागे टाकलं’ हे म्हणणं म्हणून टिकत नाही.

सेंद्रिय पदार्थाचं खरं बळ दोन ठिकाणी आहे. एक, आर-३३ शंभराच्या खूप वर नेता येतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटाने २०१८ मध्ये सिलिकॉनच्या खाचेत भरलेल्या सेंद्रिय पदार्थात ३९० पिकोमीटर प्रति व्होल्ट दाखवले. दोन, प्रतिसाद इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे तो अतिशय वेगवान असतो.

फिल्मचा आर-३३ तीन गोष्टींवर ठरतो: एका घनसेंटिमीटरमध्ये रेणू किती, प्रत्येक रेणूची अरेषीय ताकद म्हणजे बीटा किती, आणि ते रेणू एका दिशेला किती वळले आहेत. तिसऱ्या गोष्टीचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. १० डिबायचा द्विध्रुव (रेणूच्या दोन टोकांच्या विरुद्ध भारांचं माप), दर मायक्रोमीटरला १०० व्होल्ट आणि १०० अंश सेल्सिअस तापमान घेतलं, तर वळण्याचं माप शून्य ते एकच्या पट्टीवर जेमतेम ०.१३ येतं. तेही रेणू एकमेकांना त्रास देत नाहीत असं धरून. सुधारायला सगळ्यात जास्त वाव आहे तो इथे.

म्हणून वहीत आर-३३ सोबत आणखी एक आकडा लिहा: आर-३३ भागिले पोलिंगचं, म्हणजे रेणू वळवायला लावलेलं, क्षेत्र. याला पोलिंग-क्षमता म्हणतात. एका फिल्मने ५० व्होल्ट प्रति मायक्रोमीटर सोसले आणि दुसरीने १००, तर त्यांच्या आर-३३ ची थेट तुलना निरर्थक आहे. या भागाकाराची तुलना मात्र करता येते. आणि फिल्म किती क्षेत्रापर्यंत फुटत नाही, हा प्रश्न त्यापासून वेगळा काढता येतो.

सुरुवात ओळखीच्या जोडीने

पहिली फिल्म डिस्पर्स रेड १ हा रंगीत रेणू आणि पीएमएमए हा पारदर्शक पॉलिमर यांची करा. स्वस्त आहे, सहज मिळते, आणि तिच्यावर इतकं काम झालेलं आहे की आपल्या फिल्मचं कुठे बिघडलं ते लगेच कळतं. तिच्याकडून मोठ्या आकड्याची अपेक्षा नको. दहाच्या आगेमागे पिकोमीटर प्रति व्होल्ट मिळाले तरी तुमची उपकरणं आणि तुमचा हात दोन्ही जागेवर आहेत असं समजा. ट्रायसायनोफ्युरान ग्राहक (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) गट असलेले जोरकस क्रोमोफोर, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगीत रेणू, महाग असतात. ते यानंतर हातात घ्यावेत.

क्रोमोफोर किती घालायचा

जास्त रेणू म्हणजे जास्त आर-३३, हे एका टप्प्यापर्यंतच खरं. त्यापुढे द्विध्रुव एकमेकांशेजारी उलट दिशेने चिकटतात, एकाचा परिणाम दुसरा खाऊन टाकतो आणि आलेख खाली वळतो. डाल्टन आणि रॉबिन्सन यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कामाने याचा सैद्धांतिक पाया घातला. द्विध्रुव जितका मोठा, तितकं हे वळण लवकर येतं.

एकूण घनभागाच्या १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के वजनाच्या पाच फिल्म एकाच दिवशी, एकाच द्रावकातून करा. पोलिंग-क्षमता आणि टक्केवारी यांचा आलेख काढा. शिखर कुठे आहे ते दिसेल. ते २० टक्क्यांच्या खूप आधी आलं तर रेणू गोळा होत आहेत. तेव्हा शोषण-वर्णपटाकडे बघा: पट्टा रुंदावलेला किंवा सरकलेला असतो. यावर उपाय रेणूच्या आकारात आहे. मधल्या साखळीवर किंवा दात्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) टोकाला जाडजूड बाजूगट बसवले की रेणू एकमेकांपासून दूर राहतात. टर्शरी-ब्युटिलडायमिथिलसिलिल हा त्यातला नेहमीचा. दोन वेगवेगळे क्रोमोफोर मिसळून एकूण प्रमाण वाढवणं हाही चांगला मार्ग आहे, कारण मिश्रणाचे स्फटिक सहज होत नाहीत.

पाणी आणि मीठ

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण परदेशी शोधनिबंधांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो आणि आपल्याकडे सगळा प्रकल्प त्यावरच अडतो.

पोलिंगच्या वेळी फिल्म गरम असते आणि तिच्यावर प्रचंड क्षेत्र असतं. त्यात सुटे आयन असले तर ते वाहू लागतात, करंट वाढतो, फिल्म तापते आणि शेवटी फुटते. फुटली नाही तरी इलेक्ट्रोडपाशी भार साचून आतलं क्षेत्र कमी होतं. तुम्ही १०० व्होल्ट लिहून ठेवता, रेणूंना मात्र तेवढे मिळतच नाहीत. पीएमएमए वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतं. ते पाणी आयनांना वाट करून देतं आणि फिल्मला मऊ करून काचसंक्रमण तापमान, म्हणजे पॉलिमर कडकपणा सोडून मऊ होऊ लागतो ते तापमान, तेही खाली आणतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर आपल्या खोल्यांमधली आर्द्रता किती असते हे वेगळं सांगायला नको. पावसात घरच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच मीठ समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासोबत प्रयोगशाळेतल्या काचेवरही बसतं. दोना पावलासारख्या ठिकाणी खिडकी उघडी ठेवून स्पिन कोटिंग करणं म्हणजे फिल्ममध्ये सोडियम मिसळणंच.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. क्रोमोफोर स्तंभ-वर्णलेखनाने शुद्ध केल्यावर थोड्या द्रावकात विरघळवून मिथेनॉलमध्ये अवक्षेपित करा, आणि हे दोनदा करा. पॉलिमरलाही हीच वागणूक द्या. विकतचं पीएमएमए शुद्ध असेल असं गृहीत धरू नका. आयटीओचा (पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा) थर असलेली काच धुताना साबणाचा सोडियम मागे राहतो, म्हणून साबणानंतर विआयनित पाण्याने भरपूर धुवा, मग अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि शेवटी यूव्ही-ओझोन. पाण्याची रोधकता १८ मेगाओहम-सेंटिमीटरच्या आसपास हवी. साधं ऊर्ध्वपातित पाणी पुरत नाही. धुतलेली काच त्याच दिवशी वापरा.

द्रावकाची निवडही हवामान बघूनच करा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि भराभर उडतो. उडताना फिल्मचा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दव धरते. जुलैत अशी फिल्म उजेडात तिरकी धरून बघा: लालभडक, आरशासारख्या थराऐवजी वर एक दुधाळ साय दिसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे बारीक खड्ड्यांची जाळी निघते. सायक्लोपेंटॅनोन किंवा क्लोरोबेंझिन १३० अंशांच्या आसपास उकळतात, सावकाश उडतात आणि ही साय येऊ देत नाहीत. १,१,२-ट्रायक्लोरोइथेन या क्षेत्रात सर्रास वापरतात. ते विषारी आहे, तेव्हा धूर-कपाटाबाहेर त्याची बाटली उघडायची नाही.

कोरड्या नायट्रोजनची पेटी असेल तर उत्तमच. नसेल तर स्पिन कोटरवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवून आत नायट्रोजन सोडा, शेजारी स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा आणि ४० टक्क्यांच्या वर आकडा असताना फिल्म करू नका. वातानुकूलन चालू करून तासभर थांबलात तर पावसाळ्यातही खोली बरीच खाली येते. शोषकपात्रातलं सिलिका जेल रंग बदलून बसलेलं असतं आणि कुणाचं लक्ष नसतं. चवथीच्या सुट्टीत फिल्म आठवडाभर पात्रात पडून राहणार असेल तर जाण्याआधी जेल भाजून ताजं करा.

फिल्म

द्रावण १० टक्के घनभागापासून सुरू करा, रात्रभर ढवळा, ०.२ मायक्रोमीटरच्या पीटीएफई गाळणीतून थेट काचेवर सोडा. मोजणीसाठी १ ते ३ मायक्रोमीटर जाडी सोयीची. जाडी वेगावर आणि दाटपणावर अवलंबून असते, म्हणून प्रोफाइलोमीटरवर प्रत्येक फिल्म मोजा. मागच्या वेळचा आकडा उतरवून घेऊ नका. जाडी १० टक्क्यांनी चुकली की क्षेत्रही तेवढंच चुकतं.

मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये काचसंक्रमण तापमानाच्या खाली, पीएमएमएसाठी ६० ते ७० अंशांना, किमान एक अख्खा दिवस. द्रावक शिल्लक राहिला तर तोही पाण्यासारखाच वागतो. वरचा सोन्याचा इलेक्ट्रोड सावकाश बाष्पीभवनाने चढवा. स्पटरिंगचा प्लाझ्मा वरचे रेणू खराब करू शकतो.

पोलिंग

पोलिंग म्हणजे फिल्म मऊ होईपर्यंत तापवायची, उच्च क्षेत्रात रेणू वळवायचे आणि क्षेत्र चालू ठेवूनच थंड करायचं. सगळी कमाई इथेच होते.

फिल्मचं काचसंक्रमण तापमान डीएससीवर (उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या उपकरणावर) स्वतः मोजा, कोऱ्या पॉलिमरचं पुस्तकातलं धरू नका. पीएमएमएचं १०५ अंशांच्या आसपास असतं, पण क्रोमोफोर घातला की ते खाली येतं. टीजीएवर (तापवताना वजन किती घटतं ते मोजणाऱ्या उपकरणावर) रेणू कुठे विघटित होतो तेही पाहून ठेवा. तापमानमापकाचं टोक काचेवर, फिल्मच्या शेजारी चिकटवा. तापपट्टीचा आकडा आणि काचेवरचा आकडा यांत सहज काही अंशांचं अंतर पडतं, आणि पोलिंगला दोन-तीन अंशसुद्धा महाग पडतात.

मालिकेत १ मेगाओहमचा रोधक घाला. करंट १ मायक्रोअ‍ॅम्पियर असताना त्यावर फक्त १ व्होल्ट पडतो, पण फिल्म फुटली तर पुरवठा आणि मीटर दोन्ही वाचतात. उच्च व्होल्टेज चालू असताना नमुन्याला हात लावायचा नाही, आणि बंद केल्यावरही आधी भूसंपर्क द्यायचा.

२ मायक्रोमीटर फिल्मसाठी पहिल्या वेळी १०० व्होल्ट, म्हणजे दर मायक्रोमीटरला ५०, पुरेत. खोलीच्या तापमानालाच व्होल्टेज द्या आणि मिनिटाला ५ अंशांनी तापवा. सुरुवातीला मीटर नॅनोअ‍ॅम्पियरमध्ये शांत असतं. काचसंक्रमणाच्या दहा-पंधरा अंश अलीकडे आकडा हलायला लागतो, आधी हळू, मग दर अंशाला ठळकपणे. ही चढण गुळगुळीत असेल तर फिल्म चांगली आहे. मध्येच झटके, उड्या दिसल्या तर कुठेतरी धुळीचा कण किंवा छिद्र आहे. त्याच वेळी आर-३३ चा संकेत लॉक-इनवर चालू ठेवता आला तर फारच छान: तो चढतो, एका ठिकाणी थबकतो आणि मग घसरू लागतो. थबकला त्या क्षणी तापवणं थांबवा. ते तापमान या फिल्मचं योग्य पोलिंग-तापमान. तिथे दोन-चार मिनिटांहून जास्त रेंगाळू नका, क्षेत्र तसंच ठेवून थंड करा आणि ४० अंशांच्या खाली आल्यावरच व्होल्टेज काढा.

याच रीतीने पुढच्या नमुन्यांवर ६०, ७०, ८० असं वाढवत जा. आर-३३ क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढला पाहिजे. रेषा मध्येच आडवी झाली तर आत क्षेत्र पोचत नाही. फुटलेल्या नमुन्याच्या सोन्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळा ठिपका आणि भोवती उडालेल्या धातूचं कडं दिसतं. एकच ठिपका असेल तर धूळ होती. सगळीकडे पसरलेले बारीक ठिपके असतील तर पुन्हा शुद्धीकरणाकडे वळा.

मृगाच्या आधी विजा सुरू झाल्या की वीज जाणार हे ठरलेलं. गरम फिल्मवरचं क्षेत्र क्षणभर गेलं तरी रेणूंची रांग मोडते. उच्च व्होल्टेजचा पुरवठा आणि तापमान-नियंत्रक दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

सुईने करायचं कोरोना पोलिंग, म्हणजे सुईच्या टोकाशी हवेत विसर्ग करून फिल्मवर भार बसवणं, सोपं वाटतं, आणि छिद्रांना ते जास्त सोसतंही. पण फिल्मवर प्रत्यक्ष किती क्षेत्र बसलं हे नीट कळत नाही, दमट हवेत विसर्ग डळमळतो, आणि तयार होणारा ओझोन रेणू खातो. तुलनेसाठी मी तरी संपर्क-पोलिंगच, म्हणजे वर सांगितलेली सोन्याच्या इलेक्ट्रोडची रीतच, सुचवतो. कोरोनाचा एक फायदा मात्र घ्यावा: वर सोनं नसल्यामुळे पोलिंगच्या आधी आणि नंतर शोषण मोजता येतं. रेणू उभे राहिले की सरळ पडणाऱ्या प्रकाशाचं शोषण घटतं. ०.८० चं ०.६८ झालं तर क्रम-मापांक, म्हणजे रेणू किती रांगेत आले त्याचं माप, ०.१५. घट रेणू जळाल्यामुळे किंवा उडून गेल्यामुळेही होऊ शकते, आणि डिस्पर्स रेड १ तापवल्यावर फिल्ममधून उडतो हे प्रसिद्ध आहे. म्हणून नमुना क्षेत्राशिवाय पुन्हा थोडा वेळ तापवा. शोषण मूळ आकड्यावर परतलं तर घट खरोखर वळण्यामुळेच होती.

करंट आवरत नसेल तर

शुद्धी, कोरडेपणा सगळं करूनही करंट जास्तच राहिला, तर भार इलेक्ट्रोडमधून आत शिरतो आहे. आयटीओ आणि फिल्म यांच्यामध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा बेंझोसायक्लोब्युटीनचा पातळ थर दिला की हे शिरणं थांबतं. जोरकस क्रोमोफोरांच्या बाबतीत या एका थराने मोठा फरक पडलेला आहे. थर निवडताना एवढं बघा: स्थिर अवस्थेत व्होल्टेज थरांमध्ये त्यांच्या रोधाप्रमाणे वाटलं जातं. मधला थर फार जाड आणि फार रोधक असेल तर तोच सगळं क्षेत्र गिळून बसेल.

मोजणी

टेंग आणि मान यांची १९९० ची परावर्तन पद्धत बहुतेकांच्या आवाक्यातली आहे. लेसर, दोन ध्रुवक, भरपाईकारक (प्रकाशाच्या दोन ध्रुवणांमधलं कला-अंतर बदलणारा) आणि लॉक-इन, बस्स. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आयटीओ आणि सोनं यांच्यामध्ये प्रकाश पुन्हापुन्हा उसळतो आणि आकडा फुगवतो किंवा दाबतो. पातळ, कमी परावर्तन करणारं आयटीओ घ्या आणि १३१० नॅनोमीटरवर मोजा. १५५० नॅनोमीटरवर आयटीओ स्वतःच जास्त शोषतं.

तीन तपासण्या कधीही सोडू नका. पोलिंग न केलेल्या फिल्मने शून्य दाखवलं पाहिजे. लावलेलं व्होल्टेज दुप्पट केलं की संकेत दुप्पट झाला पाहिजे. आणि भरपाईकारकाच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध-तीव्रतेच्या बिंदूंवर संकेत सारखा आणि उलट चिन्हाचा आला पाहिजे. शेवटची जमली नाही तर तुम्ही शोषणातला बदल किंवा व्यतिकरण मोजता आहात. तरंगलांबी नेहमी आकड्यासोबत लिहा, कारण शोषण-पट्ट्याच्या जवळ आर-३३ आपोआप मोठा दिसतो, पण तिथे प्रकाशही तितकाच गिळला जातो.

टिकाऊपणा

ताजी फिल्म छान दिसते आणि महिनाभरात अर्धी उतरते, हे पीएमएमएतल्या पाहुण्या, म्हणजे न बांधता नुसत्या मिसळलेल्या, रेणूंचं नेहमीचं आहे. काचसंक्रमण तापमान वापराच्या तापमानापेक्षा बरंच वर असलं पाहिजे. या क्षेत्रात एपीसी म्हणून ओळखलं जाणारं अमॉर्फस पॉलिकार्बोनेट २०० अंशांच्या पुढे जातं, म्हणून ते यजमान म्हणून चांगलं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पोलिंग होत असतानाच रेणूंना एकमेकांशी बांधून टाकणं. अँथ्रासीन आणि मॅलेइमाइड यांची डील्स-आल्डर अभिक्रिया यासाठी सोयीची, कारण तिच्यातून कोणताही उपपदार्थ सुटत नाही. अभिक्रिया जसजशी पुढे जाते तसतसं काचसंक्रमण तापमान वर सरकतं, म्हणून तापमानही पायऱ्यापायऱ्यांनी वर न्यावं लागतं. घाई केली तर रेणू वळण्याआधीच बांधले जातात.

चाचणी ८५ अंशांच्या भट्टीत करा. पहिल्या दिवसांत घसरण वेगाने होते आणि मग मंदावते, तेव्हा सुरुवातीला मोजण्या दाट ठेवा. प्रकाशाने होणारं नुकसान ही वेगळी बाब. त्याचं मुख्य कारण ऑक्सिजन, विशेषतः प्रकाशामुळे तयार होणारा त्याचा उत्तेजित सिंगलेट प्रकार. नमुने अंधारात आणि नायट्रोजनमध्ये ठेवा. उपकरण बनवायचं असेल तर ऑक्सिजन रोखणारं आवरण हा रचनेचाच भाग समजा.

आता नवा रेणू

वरचं सगळं झाल्यावर पोलिंग-क्षमतेचा आलेख सरळ असेल, करंट आटोक्यात असेल, आणि तरीही आकडा अपुरा असेल, तर दोष खरोखर रेणूचा आहे. आता जास्त बीटाचा क्रोमोफोर आणा. तो आणताना डीएफटीने (संगणकावरच्या क्वांटम गणिताने) बीटा आणि द्विध्रुव दोन्ही काढा. बीटासोबत द्विध्रुवही बेसुमार वाढला तर रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतील आणि प्रमाणाचा आलेख नव्याने काढावा लागेल.

उपकरणाचा, म्हणजे प्रकाश-मॉड्युलेटरचा, हिशेबही याच वेळी मांडा. अर्ध-तरंग व्होल्टेज (प्रकाशाची कला अर्ध्या तरंगाने सरकवायला लागणारं) म्हणजे तरंगलांबी गुणिले इलेक्ट्रोडमधलं अंतर, भागिले अपवर्तनांकाचा घन, आर-३३ आणि लांबी यांचा गुणाकार. १५५० नॅनोमीटर, ८ मायक्रोमीटर अंतर, अपवर्तनांक १.७, आर-३३ शंभर आणि २ सेंटिमीटर लांबी घेतली तर सुमारे १.३ व्होल्ट येतात. हा आकडा प्रकाश आणि क्षेत्र पूर्णपणे एकमेकांवर पडतात असं धरून आहे. प्रत्यक्षात तो थोडा वाढतो. अंतर आठाचं चार केलं तर व्होल्टेज निम्मं होतं, तेही रेणूला हात न लावता. सिलिकॉनची अरुंद खाच हेच टोकापर्यंत नेते. मात्र खाचेत भरलेला पदार्थ सपाट फिल्मइतका सहसा वळत नाही, भिंतींपाशी रेणू अडकतात. खाचेचा आर-३३ वेगळा मोजा आणि सपाट फिल्मच्या आकड्याशेजारी, त्या दिवशीच्या आर्द्रतेसह वहीत लिहा.